गाईची वार ३० तासांनंतरही पडली नाही: हात घालून काढावी की थांबावे?

आपण विचारलेले थोडक्यात असे आहे. आपली तिसऱ्या वेताची गाय अपेक्षित तारखेच्या सुमारे दोन आठवडे आधी व्याली, जुळी वासरे झाली आणि दुसरे वासरू ओढून काढावे लागले. आता ३० तास उलटून गेले तरी तिची वार (जार) पडलेली नाही. गाय उभी आहे, चारा खाते आहे, दूध मात्र अपेक्षेपेक्षा कमी आहे. एक जण हात घालून वार काढून देतो म्हणतो, दुसरा लोंबणाऱ्या भागाला वजन बांधायला सांगतो आणि तिसरा गर्भाशयात औषधी गोळ्या ठेवायला सुचवतो. आज रात्रीत वार निघाली नाही तर गाईच्या अंगात विष भिनेल, अशी भीती आपल्याला वाटते आहे.

मी पशुवैद्यक आहे आणि दुभत्या जनावरांत रोज काम करतो, म्हणून आधी सरळ उत्तर देतो. वार हात घालून ओढून काढू नका, तिला वजन बांधू नका आणि गर्भाशयात गोळ्या ठेवण्याची घाई करू नका. आज रात्री करायचे काम वेगळे आहे. गाईचा ताप मोजा, ती खाते किती ते नीट पाहा आणि उद्या सकाळी पशुवैद्यकाला प्रत्यक्ष दाखवा. ताप असेल किंवा गाय मलूल वाटत असेल, तर सकाळपर्यंतही थांबू नका.

अडकलेली वार डोळ्यांसमोर लोंबत असते, वास मारत असते, त्यामुळे साहजिकच सगळे लक्ष तिच्याकडे जाते आणि ती दिसेनाशी झाली की गाय बरी झाली असे वाटू लागते. गाईचे भवितव्य मात्र दोन गोष्टींवर ठरते. पहिली, गर्भाशयातला जंतुसंसर्ग तिथेच आटोक्यात राहतो की रक्तात पसरतो. दुसरी, गर्भाशय वेळेवर स्वच्छ होऊन गाय पुन्हा माजावर येते आणि गाभण राहते की नाही. कोणताही उपचार या दोन कसोट्यांवर तपासावा लागतो, आणि वार लवकर बाहेर आली एवढ्यावरून त्या दोहोंपैकी एकही सुधारतेच असे नाही.

काळाचे गणित आधी स्पष्ट करतो. बहुतेक गाईंची वार व्याल्यानंतर सहा ते आठ तासांत पडते. १२ तासांनंतर उशीर झाला असे समजावे आणि २४ तासांनंतर ती अडकली असे आम्ही धरतो. एकदा २४ तास ओलांडले की ती पुढच्या काही तासांत पडेल ही आशा धरू नये, कारण मग ती बहुधा तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, कुजून सैल झाल्यावर, आपोआप गळून पडते. हा काळ पाहणाऱ्याला फार लांब वाटतो. तरीही ज्या गाईला ताप नाही आणि जी नीट खाते आहे, तिच्या बाबतीत थांबणे हाच बहुतेक वेळा सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो.

थांबा असे का सांगतो, हे समजण्यासाठी वार आत कशी चिकटलेली असते ते पाहावे लागेल. गाईच्या गर्भाशयाच्या आतल्या बाजूवर सत्तर ते सव्वाशेपर्यंत मांसल गाठी असतात; आम्ही त्यांना बोलीत बटणे म्हणतो. वारेवर त्यांच्या जोडीला तितकेच लाल, मखमली ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यातून निघालेले सूक्ष्म धागे बटणातल्या बारीक खाचांत, दोन हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तसे रुतलेले असतात आणि मधल्या कोलॅजन या प्रथिनाने ते धरून ठेवलेले असतात. गर्भ पूर्ण वाढला की शेवटच्या काही दिवसांत हे बंध मुळातून सैल होऊ लागतात. त्यात गाईच्या पांढऱ्या पेशींचा मोठा वाटा असतो. वासराचा जन्म होताना वार ही आता परकी वस्तू आहे हे त्या पेशी ओळखतात, बटणांकडे धाव घेतात आणि कोलॅजन विरघळवणाऱ्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) मदतीने दोघांमधली पकड सोडवतात. गर्भाशयाच्या कळा त्यानंतर सुटी झालेली वार बाहेर ढकलतात.

म्हणजे वार अडकते तेव्हा बहुतेक वेळा कळा कमी पडलेल्या नसतात, तर बटणांपाशी सुटण्याची क्रियाच पुरी झालेली नसते. ज्या गाईच्या पांढऱ्या पेशी व्यायच्या आधीच सुस्त असतात, तिची वार अडकण्याची शक्यता जास्त असते, आणि त्याच सुस्तीमुळे पुढे गर्भाशयाचा दाह आणि कासदाह होण्याची शक्यताही वाढते. तुमच्या गाईच्या बाबतीत कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. जुळ्यांमुळे गर्भकाळ लवकर संपला, सुटण्याची पूर्वतयारी अपुरी राहिली, आणि ओढताण झाल्यामुळे गर्भाशय थकले व सुजले. जुळी, वेळेआधीचे व्याणे, गर्भपात, अवघड प्रसूती, शस्त्रक्रियेने काढलेले वासरू आणि औषध देऊन लवकर घडवून आणलेली प्रसूती ही वार अडकण्याची नेहमीची कारणे आहेत. म्हणून तुमच्याकडून काही फार मोठी चूक झाली असे मनाला लावून घेऊ नका.

आता हात घालण्याविषयी. वार अजून बटणांना घट्ट धरून असताना ती ओढली, की बटणांच्या खाचांत रुतलेले धागे तुटून आतच राहतात. बाहेर आलेली वार हातभर लांब आणि पूर्ण दिसते, पण आतल्या बटणांवर तिचे तुकडे अडकून राहतात आणि तेच पुढे कुजतात. त्याबरोबर बटणांवरचे नाजूक अस्तर खरचटते, रक्तस्राव होतो, आणि जंतूंना रक्तात शिरायला वाट मिळते. गर्भाशयात लढत असलेल्या पांढऱ्या पेशींचे कामही या ओरबाडण्याने मंदावते, असे अभ्यासांत दिसलेले आहे. आदल्या दिवशी नीट खाणारी गाय हाताने वार काढल्यावर दुसऱ्या दिवशी १०५ अंश फॅरनहाइट तापाने डोके टाकून उभी आहे, हे दृश्य माझ्या कामात अनेकदा पाहिले आहे. काही गाई हे सहन करतात हेही खरे, आणि म्हणूनच ही पद्धत टिकून आहे. पण ज्या गाई वाचतात त्यांनाही वार काढल्यामुळे लवकर गाभण राहण्यात फायदा झाल्याचे सिद्ध झालेले नाही.

याला एक मर्यादित अपवाद आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी किंवा नंतर वार पूर्ण सुटून नुसती योनिमार्गात गोळा होऊन पडलेली असू शकते. अशा वेळी बाहेर लोंबणारा भाग हातमोजा घालून धरावा आणि हलकेच, स्थिर जोराने, खाली ओढून पाहावा. ती सरकत आली तर येऊ द्यावी. अडखळली, गाय कळ देऊ लागली किंवा रक्त दिसले, तर तिथेच सोडून द्यावी. योनीत हात घालण्याची गरज या पद्धतीत पडत नाही.

दुसरा मुद्दा तुमच्या गाईच्या बाबतीत विशेष आहे. तिचे दुसरे वासरू ओढून काढले आहे, म्हणून योनिमार्गात किंवा गर्भाशयाच्या मुखाशी जखम झाली आहे का, हे पशुवैद्यकाने एकदा स्वच्छ हातमोजा घालून, भरपूर वंगण वापरून तपासणे योग्य ठरेल. ती तपासणी जखमेसाठी असते. तेवढ्या निमित्ताने वार ओढण्याचा मोह त्यांनीही टाळावा, आणि आपण तसे नम्रपणे सांगू शकता. तपासणीनंतर पुन्हा पुन्हा हात घालू नये, कारण प्रत्येक वेळी बाहेरची घाण आत जाते.

वजन बांधण्याविषयी माझे मत ठाम आहे. लोंबणाऱ्या भागाला दगड, वीट किंवा पाण्याने भरलेली बाटली बांधली की सततच्या ताणाने गर्भाशयाचे टोक आत वळू शकते, गाय सारखी कळा देऊ लागते आणि क्वचित गर्भाशयच बाहेर पडते. वार मध्येच तुटली तर आत राहिलेला भाग आत सरकतो आणि मग काय शिल्लक आहे ते कळेनासे होते. वजन फार वाटते म्हणून किंवा वार जमिनीवर घासते म्हणून काही करायचेच असेल, तर तिचा खालचा भाग स्वच्छ कात्रीने मागच्या पायाच्या सांध्याच्या वर कापून टाकावा आणि वरचा वीतभर तरी लांब ठेवावा. योनीच्या तोंडापाशी मात्र कापू नये, कारण मग उरलेला भाग आत जातो. कापल्याने तिची पायांची हालचाल मोकळी होते आणि शेणातली घाण वारेवरून आत चढणे कमी होते, एवढाच त्याचा उपयोग.

गर्भाशयात ठेवायच्या गोळ्यांवर लोकांचा फार विश्वास आहे, त्यामुळे त्याविषयी थोडे जास्त लिहितो. वार आत असताना तिथे कुजणाऱ्या ऊतींचा आणि द्रवाचा एवढा साठा असतो की तिथे टाकलेले औषध पातळ होऊन वाया जाते आणि गर्भाशयाच्या भिंतीच्या आतवर पुरेसे पोहोचत नाही. टेट्रासायक्लिन गटातल्या औषधांच्या बाबतीत एक अडचण आणखी आहे. कोलॅजन विरघळवणाऱ्या विकरांनाच ती मंदावतात, त्यामुळे सुटण्याची प्रक्रिया लांबू शकते. वास कमी येतो, त्यामुळे काम झाल्यासारखे वाटते. शिवाय गर्भाशयातून औषध रक्तात आणि तिथून दुधात उतरते, म्हणजे ठरावीक दिवस दूध विकता येत नाही. अशा गोळ्यांनी पुढच्या गर्भधारणेत फायदा होतो असे सातत्याने आढळलेले नाही. म्हणून तापाविना, सरसकट गोळ्या ठेवायला मी सुचवत नाही.

कळा आणणाऱ्या इंजेक्शनांचेही असेच आहे. ऑक्सिटोसिनचा उपयोग गर्भाशयाची हालचाल मंद असेल तर व्याल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत थोडाफार होऊ शकतो. ३० तासांनंतर अडचण बटणांपाशी असल्यामुळे नुसत्या कळांनी ती सुटत नाही. प्रोस्टाग्लँडिन हे संप्रेरक व्याल्यानंतरच्या दिवसांत गाईचे गर्भाशय स्वतःच मोठ्या प्रमाणात तयार करते, त्यामुळे ते बाहेरून देऊन वार पडेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. त्याचे योग्य स्थान पुढे, महिन्याभराच्या तपासणीच्या वेळी आहे. त्याविषयी खाली लिहितो.

आता आजपासून घरी करायचे काम. सर्वांत मोलाचे साधन म्हणजे साधा डिजिटल तापमापक. त्याच्या मागच्या टोकाला दोरा बांधा, पुढच्या टोकाला थोडे वंगण लावा, आणि गुदद्वारात सरळ न घालता थोडे तिरपे करून आतल्या भिंतीला टेकेल असे धरा. तापमापकाचे टोक शेणात रुतले तर आकडा कमी येतो आणि तो पाहून आपण निश्चिंत होतो. ही चूक मी चांगल्या, अनुभवी गोपालकांकडून होताना पाहतो. आकडा स्थिर झाला की वाचा आणि तारखेसह लिहून ठेवा. सकाळी उन्हे चढायच्या आत आणि संध्याकाळी, असे दिवसातून दोनदा, निदान दहा दिवस हे करा. निरोगी गाईचे तापमान साधारण १०० ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. १०३ किंवा त्याहून जास्त आले, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला कळवा. उन्हात उभ्या असलेल्या गाईचे तापमान संसर्ग नसतानाही चढते, म्हणून दुपारच्या एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. सावलीत तासाभराने पुन्हा मोजावे.

ताप नसणे ही पूर्ण खात्री नव्हे, हेही लक्षात ठेवा. काही गाई गंभीर संसर्गातही ताप दाखवत नाहीत, आणि अखेरच्या टप्प्यात तापमान उलट खाली जाते. म्हणून तापमानाइतकेच लक्ष वैरण टाकल्यावर गाय कशी पुढे येते याकडे असू द्या. भूक असलेली गाय गव्हाणीकडे स्वतः सरकते, तोंड खाली नेऊन सलग खाते आणि नंतर बसून निवांत रवंथ करते. आजारी पडू लागलेली गाय दोन-चार घास घेते, मग मान वर करून उभी राहते, आणि रवंथ कमी होतो. डोळे खोल गेलेले, कान थंड, नाडी जलद, शेण पातळ, दूध एका वेळच्या दोहनात एकदम निम्म्यावर, यांपैकी काही दिसले आणि त्यासोबत योनीतून पातळ, तांबूस-तपकिरी, सडक्या मांसाच्या वासाचा स्राव येत असेल, तर तो गर्भाशयदाह समजावा. त्या अवस्थेत तासातासाचा फरक पडतो, म्हणून वाट पाहू नये.

वारेचा वास आणि गर्भाशयदाहाचा वास यांत गोंधळ होतो, त्याबद्दल दोन शब्द. वार बाहेर लोंबत असताना ती सडते आणि घाण वास येतोच. केवळ त्यावरून गाय आजारी ठरत नाही. वार पडून गेल्यानंतरही स्राव सडका, पाण्यासारखा आणि भरपूर राहिला, तर मात्र तो आजाराचा आहे. सामान्य गाईतही दोन-तीन आठवडे लाल-तपकिरी, थोडा चिकट स्राव येतो. त्याला फारसा वास नसतो आणि तो हळूहळू कमी होऊन स्वच्छ होतो.

गर्भाशयदाह झालेल्या गाईला प्रतिजैविकाचे इंजेक्शन लागते, आणि ते शिरेतून किंवा स्नायूतून दिले जाते. औषध कोणते, किती आणि किती दिवस हे गाईचे वजन, तिची अवस्था आणि उपलब्ध औषधे पाहून पशुवैद्यकाने ठरवायचे आहे; दुकानदाराच्या सांगण्यावरून किंवा आधीच्या गाईच्या उरलेल्या बाटलीवरून ते ठरवू नका. अर्धवट दिवस दिले की संसर्ग दबतो आणि पुन्हा उफाळतो. दूध आणि मांस किती दिवस वापरू नये हे औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले असते. तो काळ कसोशीने पाळा, कारण ते दूध माणसे पिणार असतात. अशा गाईला पाणी, ग्लुकोज आणि क्षार शिरेतून द्यावे लागू शकतात. फ्लुनिक्सिनसारखे ताप-वेदना उतरवणारे औषध आजारी गाईला आराम देते. तेच औषध व्याल्यानंतर पहिल्या २४ तासांत दिल्यास वार अडकण्याचे प्रमाण वाढते असे आढळले आहे, म्हणून प्रत्येक व्यालेल्या गाईला ते लगेच टोचण्याची पद्धत मला योग्य वाटत नाही.

इथे मतभेदाला जागा आहे, हे सांगायला हवे. काही पशुवैद्यक जुळी किंवा अवघड प्रसूती झालेल्या गाईला ताप येण्याआधीच प्रतिजैविक सुरू करतात, आणि त्यामुळे गर्भाशयदाह काही प्रमाणात टळतो असेही काही अभ्यास सांगतात. माझी पद्धत अशी आहे की गाईचे तापमान दोनदा मोजले जाणार असेल आणि मला वेळेवर कळवले जाणार असेल, तर मी थांबतो. जिथे कोणी मोजणारच नाही, किंवा पशुवैद्यक दोन दिवसांनी पोहोचणार आहे, तिथे लवकर सुरुवात करण्याचा निर्णय समर्थनीय ठरतो. तुमच्याकडे तापमापक आहे आणि मोजण्याची तयारी आहे असे गृहीत धरून मी वरचे सारे सांगितले आहे.

खाद्याकडे वळतो. या गाईचा खरा आधार तिची भूक आहे. ताजा, चवदार चारा दिवसभर समोर राहू द्या, स्वच्छ पाणी हाताशी ठेवा, आणि व्याल्या-व्याल्या खुराक एकदम वाढवू नका. पोट बिघडले तर उरलेली भूकही जाते. दूध देण्याची सुरुवात झाल्यावर रक्तातले कॅल्शियम उतरते, आणि ते कमी असले की स्नायू व पांढऱ्या पेशी दोन्ही मंदावतात. गाय उभी राहून नीट गिळत असेल तर तोंडावाटे द्यायचे कॅल्शियम देता येते. बसून राहिलेल्या, मान वळवलेल्या गाईच्या तोंडात मात्र काहीही ओतू नका, कारण ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. तिला शिरेतून, सावकाश, हृदयाची गती ऐकत पशुवैद्यकानेच कॅल्शियम द्यावे. दुसरीकडे, व्याल्यानंतर तिने खाणे कमी केले तर केटोसिसची (अंगातली चरबी जास्त जळून रक्तात कीटोन साठण्याच्या आजाराची) शक्यता असते. तोंडाला किंवा लघवीला गोडसर, नखांवरचा रंग काढण्याच्या द्रावणासारखा वास येत असेल, तर पशुवैद्यकाला त्याची चाचणी करायला सांगा.

वार पडेपर्यंत चीक काढायचा नाही, असेही काही जण सांगतात. ते ऐकू नका. दूध काढल्याने आणि वासरू पाजल्याने गाईच्या शरीरात नैसर्गिक ऑक्सिटोसिन स्रवते, जे गर्भाशयाला मदतच करते. वासराला रोगप्रतिकारशक्ती देणारा चीक पहिल्या काही तासांतच आतड्यातून नीट शोषला जातो, त्यामुळे थांबल्यास नुकसान त्याचे होते. मात्र दूध काढण्यापूर्वी हात धुवा आणि मागच्या भागाची घाण कासेला लागणार नाही याची काळजी घ्या. अशा गाईंना कासदाह लवकर होतो.

गोठ्यातल्या माणसांसाठी एक इशारा आहे. वेळेआधी व्याणे आणि वार अडकणे हे ब्रुसेलोसिस या रोगाचेही लक्षण असू शकते, आणि तो रोग माणसाला होतो. वारेला आणि स्रावाला उघड्या हातांनी स्पर्श करू नका, हातमोजे वापरा, हातांवर जखमा असतील तर विशेष काळजी घ्या. गर्भवती स्त्रीने या कामापासून दूर राहावे. वार पडल्यावर ती कुत्र्यांच्या हाती लागणार नाही अशा खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरा. या गाईचे कच्चे दूध पिऊ नका. तुमच्या गाईच्या बाबतीत जुळी हेच कारण असण्याची शक्यता जास्त आहे. तरीही गोठ्यात आधी पाच महिन्यांपुढचे गर्भपात झाले असतील, तर रक्ततपासणी करूनच घ्या.

आता पुढच्या दिवसांचे गणित. वार पडलेली पाहिली तर ती पूर्ण आहे का, तुटकी आहे का, हे नोंदवा. गाय कधी वार खाऊन टाकते आणि ती पडली की नाही हे कुणाला कळतच नाही. अशा वेळी स्राव आणि ताप हेच आधार असतात. व्याल्यानंतर नऊ-दहा किलोचे झालेले गर्भाशय साधारण महिन्याभरात एक किलोपर्यंत आकसते, आणि पूर्ववत व्हायला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात. वार अडकलेल्या गाईत हे आकुंचन थोडे लांबते. म्हणून ३० ते ३५ दिवसांच्या दरम्यान पशुवैद्यकाकडून गर्भाशय तपासून घ्या, बाहेरून गाय कितीही ठणठणीत दिसली तरी. बीजकोषावर पीतपिंड (माजानंतर तयार होणारी पिवळी गाठ) असताना गर्भाशयात पू आढळला तर तेव्हा प्रोस्टाग्लँडिन देऊन माज आणता येतो आणि गर्भाशय स्वच्छ व्हायला मदत होते. या टप्प्यात त्या औषधाचे मोल खरे आहे. तपासणीत गर्भाशय स्वच्छ आढळले तर नेहमीच्या वेळी, माज नीट पाहून, रेतन करा. स्वच्छ नसताना केलेले रेतन बहुतेक वाया जाते, आणि गाय पुन्हा पुन्हा उलटते.

यापुढच्या वेतांसाठी काय करता येईल, हेही आपण विचारले आहे. जुळी होऊ नयेत हे आपल्या हातात नाही, पण गाईची तयारी आहे. भाकड काळात, विशेषतः शेवटच्या तीन आठवड्यांत, पांढऱ्या पेशींची ताकद जपणे म्हणजे वारेची काळजी घेणे आहे. या काळात गाय शरीरस्थितीच्या (अंगावरच्या चरबीच्या) मापावर पाचपैकी साधारण ३.२५ ते ३.५ गुणांची असावी. फार लठ्ठ गाय व्याल्यावर खाणे सोडते आणि फार अशक्त गाईत साठा नसतो. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व कमी पडणाऱ्या गोठ्यात वार अडकण्याचे प्रमाण वाढते. आहारातल्या दर किलो कोरड्या पदार्थामागे सुमारे ०.३ मिलिग्रॅम सेलेनियम आणि दररोज सुमारे १,००० आय.यू. ई जीवनसत्त्व हे भाकड गाईचे सर्वसाधारण उद्दिष्ट मानले जाते. सेलेनियम मात्र जास्त झाले तर विषारी ठरते, त्यामुळे खनिज मिश्रण आणि इंजेक्शन दोन्ही एकाच वेळी अंदाजाने देऊ नका. ज्या गाईच्या आहारात ही तत्त्वे आधीच पुरेशी आहेत, तिला ती आणखी दिल्याने फायदा होत नाही.

कॅल्शियमसाठी व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत आहारातले क्षारांचे संतुलन पशुआहार तज्ज्ञाकडून पाहून घ्या. या आठवड्यांत गाई एका गोठ्यातून दुसऱ्यात हलवणे, आहारात एकदम बदल आणि गव्हाणीवर दाटी या गोष्टी टाळा. त्यांचा ताण थेट पांढऱ्या पेशींवर उतरतो. उन्हाळ्यात भाकड गाईला सावली आणि पंखे देण्याचा विचार दुभत्या गाईइतकाच गांभीर्याने करा, कारण उष्णतेच्या ताणाने गर्भकाळ थोडा कमी होतो आणि वार अडकण्याचा धोका वाढतो. लवकर व्यावी म्हणून डेक्सामेथासोनसारखे औषध देऊ नये. त्यानंतर वार अडकणे जवळपास अपेक्षितच असते.

गोठ्यात जमेल तेवढ्या गाईंची नोंद ठेवा: व्यायची तारीख, प्रसूती सोपी की अवघड, एक वासरू की जुळी, वार किती तासांत पडली. साधारण दहापैकी एखादी गाय वार अडकवते एवढे प्रमाण समजण्यासारखे आहे. जुळी आणि अवघड प्रसूती नसताना त्याहून जास्त गाईंत असे होत असेल, तर तपासणी एका गाईच्या गर्भाशयातून बाहेर काढून संपूर्ण भाकड गटाच्या आहाराकडे आणि ब्रुसेलासारख्या रोगांकडे न्यावी लागते. मादी वासरांना ४ ते ८ महिन्यांच्या वयात एकदाच दिली जाणारी ब्रुसेलोसिसची लस आपल्या पशुवैद्यकाकडून वेळेवर घेण्याची व्यवस्था करा. ती जिवंत लस असल्याने गाभण जनावराला देत नाहीत आणि टोचणाऱ्याने स्वतःची काळजी घ्यावी लागते.

आज रात्रीचे आणि उद्याच्या सकाळचे तापमान, गाईने किती खाल्ले आणि स्राव कसा आहे, हे कळवलेत तर पुढच्या दोन दिवसांत काय करावे ते अधिक नेमके सांगता येईल.